कोंबडी नको, जिगीत द्या

रशियाच्या झारची तुर्कांशी लढाई लागली त्या वर्षी, बर्फ वितळत असतानाच आमच्या डोंगरातल्या गावांना हुकूम आला. दर दहा चुलींमागे एक स्वार, त्याचा घोडा, त्याची बंदूक. आमच्या आळीत चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा माझी निघाली आणि शेजारच्या सुरखायची निघाली. आमच्या दोन घरांना भिंत एकच होती. त्यांच्याकडे भाकरी थापली की आमच्याकडे आवाज यायचा.

सुरखायची आई किस्तमान काकी. तिचा नवरा, आमचा इमाम झारशी लढला त्या लढाईत, रशियनांच्या गोळीनं गेला, तेव्हा सुरखाय नुकता चालायला लागला होता. इमामानं नवऱ्याला दिलेला चांदीचा बिल्ला काकीनं घराच्या मधल्या खांबाला टांगून ठेवला होता. रोज पुसायची. तो बिल्ला चुलीच्या धुरात कधी काळा पडलेला मी पाहिला नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली. आळीतली माणसं जमली होती.

"जा," ती म्हणाली. "हुकूमच आहे, त्याला मी काय करणार. त्यांचं खा, त्यांच्याबरोबर झोप, त्यांनी सांगितलं तिकडे बंदूक झाड. पण झारचं काही छातीवर लावून आलास, तर हा उंबरा ओलांडायचा नाही. मेलास तर आत घेईन. लावून आलास तर नाही."

"अगं आई, मला कोण लावतंय!" सुरखाय घोड्यावरून म्हणाला. "हा घोडासुद्धा मला मोजत नाही."

सगळे हसले. काकी हसली नाही. "मी बोलले ते सगळ्यांनी ऐकलंय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आम्हाला सरहद्दीपलीकडच्या एका जुन्या गढीत नेऊन ठेवलं. गढी उंच कड्यावर, तिन्ही बाजूंनी खोल उतार, एका बाजूला दरवाजा. आत रशियन शिपायांची एक कंपनी आणि आम्ही डोंगरातल्या स्वारांची तुकडी. मला थोडं रशियन यायचं, लहानपणी बाजारात मेंढ्या विकताना शिकलेलं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. कंपनीचा कॅप्टन ओझेरॉव म्हणून होता. जाड, घामेजलेला, मनाचा वाईट नव्हता. त्याच्या हाताखाली ल्योवशिन नावाचा तरणा अधिकारी, त्याला आम्ही डोळ्यांसमोर नको असायचो. आणि हवालदार तेरेंती. त्याला सगळी कंपनी तेरेंती काका म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो. पांढऱ्या मिशा, एक कान अर्धा तुटलेला, छातीवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या फितीला चांदीचा क्रूस. क्रुसाच्या मधोमध घोड्यावर बसलेला माणूस सापाला भाला मारतोय. रशियनांचा तो संत. आम्हाला तो संतबिंत वाटायचा नाही. आमच्याकडे चांगल्या घोडेस्वाराला जिगीत म्हणतात, आणि तो जिगीतच दिसायचा. बैठक मात्र सैल, असं आमच्या तुकडीतला, आमच्याच गावचा चूपान म्हणायचा. "असा बसला तर पहिल्याच उडीला खाली येईल," म्हणायचा.

गढीत येण्याआधी खालच्या पुलावर एक झटापट झाली होती. जखमींच्या गाड्या पुलावरून काढायच्या होत्या आणि तुर्क मागे लागले होते. सगळे पार झाल्यावर आम्ही पाहिलं तर सुरखाय पलीकडेच राहिला होता, मेलेल्या घोड्याच्या आडून बंदूक झाडत. एकटा. त्याच्यामुळे गाड्या निघाल्या. संध्याकाळी आम्ही त्याला ओढून आणला, तेव्हा पहिल्यांदा तो म्हणाला, "मी थांबलो नव्हतो रे. अडकलो होतो. पाय घोड्याखाली होता."

चूपान म्हणाला, "मग गोळ्या का झाडत होतास?"

"दुसरं काय करणार? झोपून राहू?"

ही गोष्ट कंपनीभर झाली आणि ती सांगताना घोडा गळून पडला. राहिला फक्त थांबलेला सुरखाय.

मग तुर्कांनी गढीला वेढा घातला. वेढा पडण्याआधी आत आलेल्या शेवटच्या जासूदानं एक मोहोरबंद पाकीट आणलं होतं. त्यात पुलाच्या लढाईचे क्रूस होते. काही कंपनीसाठी, एक आमच्या तुकडीसाठी.

पण क्रुसांचं तेव्हा कुणाला पडलं होतं? पाणी होतं कुठं? गढीत पाणी खालच्या ओढ्यातून खापरी नळानं यायचं, तो नळ तुर्कांनी पहिल्याच दिवशी फोडला. आतल्या टाक्यातलं पाणी हिरवं झालं, मग संपलं. घोडे आधी ओरडले, मग गप्प झाले, मग मेले. माझा घोडा मी स्वतः मारला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माणसागणिक एक झाकणभर पाणी मिळायचं. ओढा खाली दिसायचा. दिवसभर चमकायचा. पहाटे धुकं दरीत भरलं की भिंतीच्या भोकातून दोरानं दोघं-तिघं उतरायचे, पखाली भरायचे आणि वर यायचे. कधी यायचे, कधी नाही.

आणि त्यातून आणखी एक. खालून तुर्क आम्हाला हाका मारायचे. आमच्यातल्या काहींना कळेल अशा भाषेत. "भावांनो, तुम्ही नमाज पढता, आम्हीही पढतो. काफरांबरोबर तहानेनं का मरताय? दरवाजा उघडा, ओढा तुमचाच आहे." रोज दुपारी, ऊन वरून ओतत असताना. रशियन शिपायांना शब्द कळायचे नाहीत, पण कुणाला हाक मारतायत ते कळायचं. आमच्याकडे बघायचे. ल्योवशिननं दरवाज्यावरून आमची माणसं काढली आणि आमच्या निजायच्या जागेच्या तोंडाशी आपला पहारा लावला. आम्ही तुर्कांच्या वेढ्यात होतो आणि त्याच्या आत रशियनांच्या.

अशा वेळी कॅप्टनला वाटलं, क्रूस वाटावेत. माणसांना जरा हुरूप येईल.

तिथली एक रीत होती. असे क्रूस कधी अधिकारी आपल्या मर्जीनं द्यायचे, आणि कधी शिपायांनाच सांगायचे, तुम्हीच ठरवा तुमच्यातला कोण. शिपायांनी ठरवलेल्या क्रुसाला मान जास्त. कॅप्टननं दुसरी रीत धरली. ज्यांची नावं पुढे आली, त्यांनी आपल्या टोप्या अंगणात ओळीनं ठेवायच्या, आणि बाकीच्यांनी ज्याला द्यायचं त्याच्या टोपीत एकेक काडतूस टाकायचं. आमच्या तुकडीत सुरखायची मेंढीच्या कातड्याची टोपी अर्धी भरली. मी माझं काडतूस चूपानच्या टोपीत टाकलं, कारण काकीचे शब्द माझ्या कानात होते. पण माझ्या एका काडतुसानं काय होणार?

कंपनीचे जिगीतवाले क्रूस वाटून झाले, मग कॅप्टननं आमचा क्रूस पाकिटातून काढला आणि आम्ही बघत राहिलो. त्याच्या मधोमध जिगीत नव्हता. दोन डोक्यांचा, पंख पसरलेला पक्षी होता.

"हे काय आणलंय?" चूपान आमच्या भाषेत म्हणाला. "कोंबडी?"

"दोन डोक्यांची आहे. अंडीही दोन घालेल," मागून कुणीतरी.

मी विचारलं तेव्हा तेरेंती काकानं सांगितलं, की जे ख्रिस्ताला मानत नाहीत त्यांच्या क्रुसावर संत घालत नाहीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून झारचा गरुड घालतात.

"सुरखाय!" कॅप्टननं हाक मारली.

सुरखाय पुढे गेला. सगळी कंपनी भिंतीच्या सावलीत बसलेली, ओठ फुटलेले, कुणाच्या अंगात उठून उभं राहायचंही त्राण नव्हतं. कॅप्टननं क्रूस त्याच्या छातीकडे नेला आणि सुरखाय एक पाऊल मागे सरला.

"नको," तो म्हणाला.

हा शब्द रशियनमध्ये सांगायला दुभाषा लागत नव्हता. मागे सरलेलं पाऊल सगळ्यांनी पाहिलं होतं. ल्योवशिन उठून उभा राहिला. "बघा हुजूर," तो कॅप्टनला म्हणाला, "मी काय म्हणत होतो? झारचा क्रूस नको म्हणतोय. खालच्या भावांना काय तोंड दाखवणार, नाही का!" भिंतीशी बसलेल्यांपैकी काहींचे हात बंदुकींकडे गेले. अगदी त्याच वेळी खालून हाका सुरू झाल्या. भावांनो, दरवाजा उघडा.

"काय म्हणतोय हा?" कॅप्टननं मला विचारलं. त्याचा चेहरा बदलला होता. "नीट विचार. का नको?"

मी सुरखायकडे पाहिलं. त्याला एकट्याला गोळी घातली असती तर त्यानं ती घेतली असती, असं मला आजही वाटतं. पण मागे आम्ही सगळे होतो. त्यानं आमच्याकडे एकदा नजर फिरवली. चूपानवर ती थांबली, आणि मला दिसलं की त्याला काहीतरी सुचलं.

"त्यांना सांग," तो मोठ्यानं म्हणाला, "की मला कोंबडी नको. मी काय अंडी विकायला चाललोय? या सगळ्यांना जिगीत दिला आणि मला कोंबडी? जिगीत असला तर द्या, नाहीतर राहू द्या!"

मी शब्दाला शब्द तसं सांगितलं. मग कॅप्टनचं पोट हलायला लागलं. त्या तहानेतही तो इतका हसला की त्याला खोकला आला. भिंतीशी बसलेले शिपाईही हसायला लागले, फुटक्या ओठांनी, हात तोंडावर धरून. बंदुकींवरचे हात निघाले. "कोंबडी!" ते एकमेकांना सांगत होते. "अरे, त्याला वाटलं कोंबडी!" ल्योवशिन खाली बसला.

"सांग त्याला," कॅप्टन डोळे पुसत म्हणाला, "इथून सुटलो की मी स्वतः लिहीन. जिगीत मागवून देईन."

इथून सुटलो की. सुरखायनं श्वास सोडला. तेवढी मुदत त्याला पुरेशी होती. सुटणार कोण होतं?

पण तेरेंती काका उठला. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. आपल्या छातीवरचा क्रूस त्यानं काढला. फीत इतकी जुनी होती की नारिंगी पट्टे मातकट झाले होते. तो सुरखायसमोर येऊन उभा राहिला.

"कशाला लिहायचं हुजूर," तो म्हणाला. "पोरगं तहानेनं मरायला टेकलंय, त्याला काय पत्राची वाट बघायला लावता? हा घे बाळा. हा घे माझा घोडेस्वार. तुझी कोंबडी मला दे. मी म्हातारा, मला कोंबडीच बरी."

सगळी कंपनी ओरडली. आनंदानं. कॅप्टन म्हणाला, हे नियमात बसत नाही, पण पुढे बघू. आणि तेरेंती काकानं स्वतःच्या हातानं आपला क्रूस सुरखायच्या छातीवर टाचला. टाचणी अडत होती, म्हणून वेळ लागला. तेवढा सगळा वेळ सुरखाय मान ताठ ठेवून उभा होता. जिगीत द्या असं त्यानंच म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. आता कोणत्या तोंडानं नको म्हणणार?

"आता तुला कुणी फटके मारू शकत नाही बरं का," चूपान त्याला म्हणाला. क्रूसवाल्याला फटक्यांची शिक्षा नसते. "आई सोडून."

सुरखायनं त्याच्याकडे असं पाहिलं की चूपाननं पुन्हा तो विनोद केला नाही.

त्या दिवसापासून तेरेंती काका त्याला सोडेना. आपल्या झाकणातलं पाणी अर्धं त्याला द्यायचा. माझ्यामार्फत गप्पा मारायचा. एकदा सुरखायनं विचारलं, "हा क्रूस तुम्हाला कुठल्या लढाईत मिळाला?"

"तुमच्याच डोंगरात रे," म्हातारा म्हणाला, कौतुकानं, जणू आमच्या गावाला जाऊन पाहुणचार घेऊन आला होता. "इमामाच्या वेळी. बर्फात चढलो होतो. वरून दगड लोटत होते तुमचे लोक. बायकासुद्धा. काय लोक होते! तेव्हापासून मी म्हणतो, डोंगरातल्या माणसाशी लढू नये, त्याच्याशेजारी उभं राहावं."

मी हे भाषांतर करताना थांबलो होतो. सुरखाय म्हणाला, "सगळं सांग." मी सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. मग पुष्कळ वेळ छातीवरच्या घोडेस्वाराकडे बघत बसला.

"काढून टाक," मी त्याला नंतर म्हणालो. "हरवला म्हण. ओढ्यात पडला म्हण."

"त्याला काय सांगू?" सुरखाय म्हणाला. "माझ्या बापाच्या लोकांना मारून मिळवलेला आहे म्हणून टाकला? तो रोज मला पाणी देतो, अदालाव. स्वतःचं."

"आणि आईला?"

"आधी इथून बाहेर तर पडू."

काकाचंही काहीतरी बिनसलं होतं. कोंबडी लावल्यापासून तो दर थोड्या वेळानं छातीकडे हात न्यायचा, बोटांना पक्षी लागला की हात खाली यायचा. बावीस लढायांत म्हणे त्यानं तो घोडेस्वार चाचपला होता. बावीस हा त्याचा आकडा, त्याला याच्यापुढे मोजता येत नव्हतं असं चूपान म्हणायचा. मी विचारलं, "काका, परत हवाय का?" तर रागावला. "दिलेलं परत घेणारा माणूस दिसतो का मी तुला?" म्हणाला. म्हणजे दोघांनाही ते टोचत होतं, आणि दोघांपैकी कुणालाच ते बदलता येत नव्हतं. मला दोन्ही भाषा येत होत्या, पण या कामाला दोन्हींचा उपयोग नव्हता.

वेढा सुटायच्या थोडं आधी एका पहाटे ते दोघं पाण्याला उतरले. मी भिंतीच्या भोकाशी दोर धरून होतो. खाली धुकं पांढरं, लोकरीसारखं. पखाली भरल्याचा आवाज आला. मग वारा सुटला. त्या दिवसांत वाऱ्याचा सगळ्यांनाच राग यायचा, कारण तो धुकं उचलायचा. ओढा दिसायला लागला, ते दोघं दिसायला लागले आणि पलीकडून गोळ्या सुरू झाल्या.

सुरखायनं त्याला पाठीवर बांधून दोरानं वर आणला. पखालही आणली. भरलेली. कशी आणली ते त्यालाही सांगता आलं नाही.

तेरेंती काकाला पोटात लागली होती. त्याला सावलीत ठेवलं. पाणी मागितलं नाही त्यानं, पाणी होतं तरी. त्याचा हात छातीकडे जात होता, कोंबडीला लागत होता आणि खाली पडत होता. पुन्हा जात होता. दिलेलं परत मागणारा माणूस नव्हता तो.

सुरखायला दुभाषा लागला नाही. त्यानं आपल्या छातीवरचा क्रूस काढला आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवून वरून आपली मूठ बंद केली. काकानं अंगठ्यानं घोडा चाचपला. मग तो ओठांपर्यंत नेला. थोड्या वेळानं गेला.

त्याला गढीतच पुरला, घोडेस्वार हातात तसाच. कॅप्टन म्हणाला, नियमानं तो परत पाठवायला हवा, पण ही मूठ मी उघडणार नाही.

आणि मग मी जे पाहिलं ते आजही मला नीट कळलेलं नाही. पुरायच्या आधी सुरखायनं म्हाताऱ्याच्या सदऱ्यावरची कोंबडी काढली. ती त्याला कुणी दिली नाही. कॅप्टन दुसरीकडे बघत होता, ल्योवशिन तिथं नव्हता, बंदुका आमच्याकडे वळलेल्या नव्हत्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती खड्ड्यात गेली असती आणि सुरखाय मोकळ्या छातीनं घरी गेला असता. त्यानं ती सदऱ्याला पुसली आणि आपल्या छातीवर लावली. स्वतःच्या हातानं.

"अरे, काय करतोस?" मी त्याचा दंड धरला. "आता कोण सांगतंय तुला?"

"पाण्याला उतरताना त्यानं हीच लावली होती," सुरखाय म्हणाला. "माझ्यामुळे. नाहीतर घोडेस्वार असता त्याच्या छातीवर. टाकू कुठे हिला?"

"आईनं काय म्हटलंय—"

"माहीत आहे. मला पण ऐकू येतं."

वेढा सुटला आणि शरदात आम्ही परत आलो. बातमी आमच्या आधी पोचली होती, ती नेहमीच पोचते. आळीत माणसं उभी होती, पण आवाज नव्हता. किस्तमान काकी उंबऱ्यात उभी होती, निघालो तेव्हा होती तशी. सुरखायच्या अंगावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड घोंगडा होता, गळ्यापासून घोट्यापर्यंत. आत काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. तो तसाच आत जाऊ शकला असता. रात्री काढून, पुरून टाकू शकला असता. तो उंबऱ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं घोंगडा बाजूला केला.

काकीनं पाहिलं. "बरं," म्हणाली.

"आई, मी सांगतो कसं झालं ते—"

"सांग. तिथूनच सांग."

त्यानं तिथूनच सांगितलं. सगळं. पूल, टोप्या, कोंबडी, म्हातारा, ओढा. काकीनं चौकटीला टेकून सगळं ऐकलं. मध्ये एकदा पदराच्या टोकानं डोळे पुसले, ते म्हाताऱ्याच्या पाण्याच्या वेळी. मला वाटलं, सुटलं. पण ती म्हणाली, "चांगला माणूस होता. तू चांगलं केलंस. पण मी बोलले होते, आणि आळीनं ऐकलं होतं. तुझ्या बापाच्या खांबासमोर बोलले होते. ते मी आता कुठे नेऊन टाकू?"

तिनं जेवण आणलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. आतल्या बाजूला ती बसली, बाहेरच्या बाजूला तो. दोघं जेवले.

मला वाटलं होतं, चार दिवस चालेल. अंगणात मेंढ्यांची झोपडी होती, त्यात सुरखाय राहायला लागला. रोज संध्याकाळी काकी उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि दोघं दोन बाजूंना बसायचे. भांडायचे, हसायचे, मेंढ्यांचं बोलायचे. हिवाळ्यात बर्फ पडत असताना तो डोक्यावर घोंगडा घेऊन बसायचा आणि ती आतून ओरडायची, "लवकर गिळ, गार होतंय!" गावात काहींनी मध्यस्थी केली. मुल्ला म्हणाला, क्रूस काढून टाकला की शब्द संपला. काकी म्हणाली, "मी 'लावून आलास तर' म्हटलं होतं. आला तो लावून." सुरखायला विचारलं, तर तो म्हणायचा, "काढू कशाला? काढला तर आत थोडाच घेणार आहे ती? मग निदान काकाचं तरी राहू दे." त्यानं लग्न केलं नाही. कोणती पोरगी मेंढ्यांच्या झोपडीत येणार, समोर पक्कं घर असताना?

वर्षं गेली. किती ते मोजण्यात अर्थ नाही, सुरखायची दाढी पांढरी झाली. माझीही झाली, आणि पांढरी झाल्यावर मी अक्षरं शिकलो. शिकल्यावर एकदा त्याच्याकडून ती कोंबडी मागून घेतली आणि मागची बाजू वाचली. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिथं त्याचं नाव असेल, निदान त्या लढाईचं. नुसता आकडा होता. मी त्याला सांगितलं. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "माझी नाहीच ती."

काकी शेवटी अंथरुणाला खिळली. डोळे गेले होते. शेजारणी आत जाऊन करायच्या, सुरखाय उंबऱ्याबाहेर बसून त्यांना सांगायचा, तिला असं धरा, तसं नको, डावा खांदा दुखतो तिचा. एका वसंतात तिनं मला बोलावलं.

"अदालाव, मला उचल," म्हणाली. "अंथरुणासकट. बाहेर ने."

"कुठे काकी?"

"जर्दाळूखाली. त्याच्या त्या घाणेरड्या झोपडीशी."

मी आणि चूपाननं तिला उचललं. वजन काहीच नव्हतं. उंबरा ओलांडताना तिनं हात काढून चौकटीला लावला आणि मग सोडला. सुरखाय झोपडीच्या दारात उभा होता, हातात दुधाचं भांडं, ते तसंच धरून.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय करताय?"

"तू आत यायचं नाहीस असं मी म्हटलं होतं," काकी म्हणाली. "मी बाहेर यायचं नाही असं मी कुठे म्हटलं होतं?"

सुरखायनं भांडं खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं का नाही आलीस?"

"तू कधी विचारलंस?"

तो तिच्याजवळ बसला. तिनं हातानं त्याचा चेहरा शोधला, दाढी ओढली, मग हात छातीवर आणला. बोटांनी क्रूस चाचपला, फीत चाचपली, मधला पक्षी चाचपला. पुष्कळ वेळ.

"हीच का ती?"

"हीच."

"दोन डोकी आहेत."

"हो."

"एक इकडे बघतंय, एक तिकडे. पाय जागेवरच." तिनं हात काढून घेतला. "तुझ्यासारखीच आहे मेली."

चूपान हसला. मग सुरखाय हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं.

ती पुन्हा आत गेली नाही. तो उन्हाळा दोघं झोपडीत राहिले, मेंढ्यांच्या वासात, आणि समोर चांगलं पक्कं घर उघडं. जर्दाळू पिकायच्या आधी ती गेली.

माती झाल्यावर मी त्याला म्हणालो, "आता जा आत. आता कोण अडवतंय?"

"तिनं अडवलं होतं," सुरखाय म्हणाला. "सोडवायचं तिनंच होतं. ती बाहेर आली, पण मला आत ये म्हणाली नाही. राहून गेलं तिचं. आता कुणाला विचारू?"

तो अजून झोपडीतच आहे. घर पडायला लागलं आहे. मधला खांब मात्र उभा आहे, त्यावर त्याच्या बापाचा बिल्ला, आता काळा पडलेला. सकाळी मी अंगणाच्या भिंतीवरून बघतो, तर सुरखाय उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून बसलेला असतो आणि हातातला झाडू आत घालून जमीन झाडत असतो. हात पोचेल तेवढीच झाडतो. तेवढी जागा अगदी स्वच्छ असते.